हिल्केच्या चाकाचा सूर

नाव : हिल्के तेर्प्स्त्रा. वय : एकाहत्तर. निवृत्त पोस्टमन, गावच्या चर्चचा विनामोबदला ऑर्गनवादक. हृदय : दुरुस्त केलेले. वाहन : सायकल, मागील चाकात विजेची मोटर, स्वहस्ते बसवलेली. कौटुंबिक स्थिती : विवाहित, परंतु एकटा राहणारा. फ्रिसलंड या डच प्रांतातल्या या गृहस्थाबद्दल नगरपालिकेला एवढी माहिती पुरते.

नगरपालिकेला जे लागत नाही ते असं, की त्याची बायको बाउक्ये बांधापलीकडच्या वृद्धाश्रमात आहे. तिला आता नावं आठवत नाहीत, हिल्केचंही नाही. पण तीन वाजता एक उंच माणूस येतो आणि त्याच्याबरोबर कॉफी प्यायची असते, हे पक्कं ठाऊक. तो आला नाही, तर ती कोट चढवून दाराशी बसते आणि मग कुणाचं ऐकत नाही. बस बंद झालेली. मोटरीशिवाय त्या वाऱ्यात सायकल मारायला डॉक्टरांची मनाई. वारा जातानाही तोंडावर आणि येतानाही, असं हिल्केचं मत आहे.

तर या आठवड्यात मागचं चाक आधी टिकटिकायला लागलं, मग डुलायला. मोटरीच्या चाकाचे स्पोक आखूड नि जाड. मोटर दर वेळी हिसका देते, तो तेच झेलतात. झेलता झेलता सैल पडले होते. दुकानदार फोनवर म्हणाला, दुसऱ्याने बसवलेल्या मोटरीला आम्ही हात लावत नाही, आणि लावायचा म्हटला तरी पुढच्या आठवड्याआधी वेळ नाही. हिल्केने त्याचे आभार मानले. फोन ठेवल्यावर तो जे म्हणाला, ते चर्चच्या माणसाबद्दल लिहू नये.

सकाळी सायकल स्वयंपाकघरात उलटी करून तो स्पोकची चावी घेऊन बसला. ऑर्गनवाल्याला कान असतो, आणि कान असलेल्याला तेवढ्यावर भागेल असं वाटतं. नखाने स्पोक छेडायचा, उतरलेला वाटला की पिळायचा. दहाच्या कॉफीपर्यंत सगळे स्पोक एका सुरात आले. फार देखणं काम. चाक फिरवलं, तर ते सांगाड्याच्या डावीकडच्या दांडीला घासून थांबलं.

तेवढ्यात कॉफीला शेजारीण आली. फ्रौक्ये, जन्मभर गाई पाळलेली आणि चर्चच्या गायनवृंदात उभी राहिलेली.

"हे काय रे? बाउक्येने तुला सायकलीसकट बाहेर काढलं असतं!"

"आधी ऐक. एकही बेसूर नाही."

तिने दोन्ही बाजू छेडून पाहिल्या. "सुंदर. आणि चाक फिरत नाही."

"ते दिसतंय मला."

ती मागे जाऊन, एक डोळा मिटून बघत राहिली. "उजवीकडे दातेरी चक्रं आहेत ना, तिथे स्पोकना जागाच नाही, उभे राहिलेत बिचारे. डावीकडचे ऐसपैस पसरलेत. सारखं ओढल्यावर पसरलेलेच जिंकणार. काय रे, आमच्या वृंदात बायका नि पुरुष एकाच पट्टीत गातात का?"

"तुम्ही वर गाता. कधी कधी फारच वर."

"मग उजवीकडच्यांना बायकांत घाल. आणि कॉफी ओत, घसा वाळला माझा."

हिल्केने डावीकडचे पाव पाव फेरा सोडले, उजवीकडचे चढवले. प्रत्येक बाजूचा आपला सूर, दोन्हींचा मिळून एक नाही. चाकाची आउट निघाली, डुलणं थांबलं. ते दांड्यांच्या मधोमध फिरू लागलं.

आभार कसे मानायचे हे त्याला सुचेना. एका कॉफीला एकच बिस्कीट, हा इकडचा रिवाज. त्याने बिस्किटांचा डबा पुढे केला आणि तिने एक घेतल्यावर झाकण लावलं नाही.

"बरं नाही का तुला?" फ्रौक्येने काळजीने विचारलं.

"घे गं आणखी."

दुपारी बांधावर वारा तोंडावर होता. चाक गप्प. वाटेत हिल्केने सवयीने देवाचे आभार मानले, मग फ्रौक्येचे मनापासून, आणि शेवटचं वळण आल्यावर, जरा कष्टाने, दुकानदाराचेही. त्याने काम घेतलं असतं, तर सायकल आठवडाभर दुकानात आणि बाउक्ये आठवडाभर दाराशी बसली असती.

बाउक्ये खिडकीत होती. कोट खुंटीवर होता.

नगरपालिकेच्या दप्तरी हिल्के अजूनही एकटा राहणारा आहे. तीन वाजता दोघांनी कॉफी घेतली.