स्थळाची चौकशी

माझी धाकटी जाऊ प्रेमला रायपूरच्या तात्यापाऱ्यात राहते. मनाने साधी, पण तोंडात तीळ भिजत नाही. गॅसवाल्याला नवऱ्याचं पथ्य सांगेल, भाजीवालीला भाच्याचा पगार. आम्ही हसण्यावारी न्यायचो.

तिची एकुलती एक रूपाली नागपूरला दिली होती. जावई पराग मारायचा. एकदा त्याने गळाच दाबला, तेव्हा पोरगी अंगावरच्या कपड्यांनिशी रायपूरला आली. घटस्फोट झाला. "जाशील तिथे येईन," असं तो कोर्टाच्या आवारातच म्हणाला होता. आईचं घर त्याला माहीत, म्हणून रूपालीने शहरातच समता कॉलोनीत खोली घेतली आणि तिथल्याच एका दवाखान्यात नोकरी धरली.

आणि या बाईने काय करावं? पोरीचं पुन्हा जमावं म्हणून तिला न विचारता बायोडाटा केला आणि समाजाच्या सगळ्या ग्रुपांवर टाकला. फोटो, जन्मवेळ, दवाखान्याचं नाव, खोलीचा पत्ता. तिथून तो लग्न जमवणाऱ्या कुठल्याशा वेबसाइटवर गेला. रूपालीने तो पाहिला आणि मला फोन केला.

माझा मुलगा यशदीप जर्मनीत असतो. मी त्याला फोन केला.

"आई, इथे एक ईमेल केला की कंपनीला आपली माहिती पुसावी लागते. युरोपचा कायदा आहे. ब्राझीलपासून कुठकुठल्या देशांनी तसे कायदे केले. आपल्याकडेही झालाय."

बुडत्याने काडी धरावी तसा आम्ही तो कायदा धरला. यशदीपनेच अर्ज लिहिला. वेबसाइटवाल्यांचं उत्तर आलं, कायदा टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे, धीर धरा. गळा पोरीचा, आणि धीराचा सल्ला हे देणार! ग्रुपांचं तर विचारूच नका. माणसांनी आपापसात घरगुती कामासाठी पाठवलेल्याला तो कायदा लागत नाही म्हणे.

रूपालीने नोकरी सोडली, पंडरीच्या कापडबाजारात खोली घेतली, तिथेच एका दुकानात लागली. वेबसाइटवाल्यांचा पिच्छा मात्र सोडला नाही. शेवटी त्यांनी ते पान काढलं. प्रेमलाने देवापुढे साखर ठेवली.

त्याच आठवड्यात तिला फोन आला. आवाज वयस्कर, गोड. "भिलाईहून बोलून राहिलो. मुलासाठी तुमच्या पोरीची चौकशी करायची होती."

आमच्यात स्थळाच्या चौकशीला नाही म्हणत नाहीत. प्रेमलाने सगळं सांगितलं. वर त्याच्याजवळच्या बायोडाट्यातली चूकही सुधारली. समता कॉलोनीचा पत्ता जुना झाला, आता पोरगी पंडरीत राहते, दुकान अमुक गल्लीत, ती सुटते केव्हा.

स्थळ कसलं, दोनेक दिवसांत पराग रूपालीच्या पंडरीतल्या खोलीच्या जिन्यात उभा होता. खालचे दुकानदार धावले म्हणून रूपाली वाचली. तो पळाला. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली. तो अजून सापडलेला नाही.

रूपाली बॅग घेऊन आईकडे आली, तेव्हा मी तिथेच होते. तिच्या गळ्यावर बोटांचे वळ होते. मला इतका संताप आला होता की प्रेमलाकडे बघवत नव्हतं.

"ताई, पोरीवाल्यांनी चौकशीले नाही कसं म्हणावं?" प्रेमला माझा हात धरून म्हणत होती. "लोक म्हणतीन, पोरीत काही खोट आहे."

रूपाली लहानपणापासून हिंदीतच उत्तर देते. "मम्मी, साइट से तो मिटवा लिया. तुम्हारे मुँह से कैसे मिटवाऊँ?"

तिने बॅग पुन्हा उचलली.

"मैं जा रही हूँ. कहाँ, मत पूछना."

"मले तरी सांग ना बेटा. मी आई हाओ तुही."

"तुम्हें ही नहीं बता सकती."

तिने मलाही सांगितलं नाही. फोनचा नंबर बंद करून गेली.

परवा एका हळदीकुंकवात कोणीतरी सहज विचारलं, "रूपाली कुठे असते हो आता?" प्रेमलाने सवयीने तोंड उघडलं. सांगायला तिच्याजवळ काहीच नव्हतं. सगळ्या बायांच्या देखत तिने माझा पदर धरला आणि ढसाढसा रडायला लागली.

"ताई, माही पोट्टी जिवंत तरी आहे ना?"