चौदा सह्यांची मासिना

लेउतूला पत्र आलं मंगळवारी, आणि बुधवारपर्यंत ते अख्ख्या मांगेरे वस्तीला पाठ झालं. खरं तर तिने ते एकट्या सालोमे आत्यालाच वाचून दाखवलं होतं. पण आत्याला सांगणं आणि चर्चच्या लाउडस्पीकरवर सांगणं यात फरक एवढाच, की लाउडस्पीकर मध्येच बंद करता येतो.

पत्रात लिहिलं होतं: तिच्या चार वर्षांच्या लेकीच्या, मासिनाच्या, पाळणाघरासाठी वर्षभर दिलेली सरकारी मदत चुकून दिली गेली, तरी सहा हजार दोनशे डॉलर परत करावेत, मदत पुढच्या महिन्यापासून बंद. कारण काय? पाळणाघराच्या हजेरीवहीत मुलाला सकाळी सोडणाऱ्याने सही करायची असते. मासिनाच्या नावापुढे वर्षभरात चौदा वेगवेगळ्या माणसांच्या सह्या निघाल्या. पोरीकडे बघायला घरची चौदा माणसं असताना पाळणाघर हवंच कशाला, असा खात्याचा सवाल होता.

आता मला सांगा, यात लेउतूचं काय चुकलं? बाई पहाटे चारला विमानतळाजवळच्या हॉटेलात चादरी धुवायला उभी राहते. पाळणाघर उघडतं साडेसातला. नवरा ऑस्ट्रेलियाला खाणीत कामाला गेला तो तिकडचाच झाला. मग पोरीला सोडायचं कुणी? ज्याला त्या दिवशी दहा मिनिटं सापडतील त्याने! कधी रात्रपाळीवरून परतणारा तावीतामामा, कधी बस डेपोला निघालेली चुलत बहीण, एकदा तर चक्क पाद्रीबाई. आम्हा सामोअन लोकांत मूल असंच चार हातांतून वाढतं. ज्याने सोडलं त्याने इमानदारीत स्वतःची सही ठोकली. सगळ्यांनी मिळून लेउतूच्या नावाचा एकच गिचमीड फराटा ओढला असता, तर कुणी हूं की चूं केलं नसतं!

पैसे तिने रडतखडत हप्त्याने फेडलेही असते. पण मदत गेली की पाळणाघर गेलं, आणि पाळणाघर गेलं की नोकरी गेली. तिने फेरसुनावणी मागितली. तारीख आली, सोबत सूचना: आधाराला एक माणूस आणता येईल.

"एक?" सालोमे आत्या कडाडली. "एकाने काय होतंय? सह्या चौदा, तर माणसं चौदा! समोर बसून सह्या करू. बघू कोण खोट्या म्हणतंय ते."

"अगं आत्या, त्यांना कुणी खोट्या म्हणतच नाहीये..."

"तू गप गं! तुला कोर्टकचेरीतलं काय कळतंय?"

आत्याला तरी काय कळत होतं, देव जाणे.

सुनावणीच्या गुरुवारी सकाळी दहाला तावीतामामाच्या व्हॅनने दोन खेपा करून चौदाच्या चौदा माणसं आणून ओतली. कुणी कोंबडीच्या कारखान्याच्या पांढऱ्या बुटांत, कुणी विमानतळाच्या पिवळ्या जाकिटात. खोलीत खुर्च्या सहा होत्या; बाकीच्या मामाने बाहेरून उचलून आणल्या, त्यातली एक पहारेकऱ्याची होती. आत्याने नारळाच्या रसात भाजलेल्या गोड पावांचा ट्रे थेट टेबलावर, सुनावणीच्या अध्यक्ष मिसेस हॅरॉप यांच्या कागदांवरच ठेवला.

"आधी प्रार्थना," आत्या म्हणाली, आणि कुणी हो-नाही म्हणायच्या आत चौदा गळे सुरात सुटले. पलीकडच्या खोलीतली माणसं दारात येऊन उभी राहिली.

मग सह्या. एकेकाने पुढे येऊन झोकात सही केली, मिसेस हॅरॉपनी वहीशी ताडून पाहिली. चौदाही जुळल्या. आत्या अशी ऐटीत बसली की निकाल तिनेच लिहिला असावा.

खात्याच्या बाजूने क्लाइव्ह नावाचा काटकुळा गृहस्थ आला होता. त्याने दुसरा पाव संपवून बोटं पुसली.

"मॅडम, सह्या खऱ्याच आहेत, आमची तक्रारच नाही. पण गुरुवारी, कामाच्या दिवशी, सकाळी दहा वाजता ही चौदा माणसं मोकळी आहेत. आपण बघताच आहात."

झालं! आत्याचा घास तोंडातच राहिला. लेउतूला वाटलं, धरणी दुभंगावी आणि आधी आत्याला पोटात घ्यावं.

"तुम्ही सांगा," मिसेस हॅरॉप लेउतूला म्हणाल्या. "एकेक नाव घेऊ."

लेउतू टेबलाकडे तोंड करून, मासिनाला मांडीवर घेऊन सांगू लागली. तावीतामामा? विमानात सामान चढवतो. मागे दार वाजलं. चुलत बहीण? बस चालवते. पुन्हा दार. पाद्रीबाई आजारी माणसांना आंघोळ घालायला घरोघर जातात. दार वाजतच होतं. लेउतूची जीभ अडखळायला लागली. सगळं बिघडवलं आणि आता पळताहेत, मेले! तिच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाने.

तेवढ्यात मासिना चुळबुळली. "आई, शू."

"थांब गं राणी, थोडंच."

"थांबवू नका तिला," मिसेस हॅरॉप नावं लिहून घेता घेता, मान वर न करताच म्हणाल्या. "तुमच्यातलं कुणीतरी घेऊन जाईल. आपण पुढे बोलू."

लेउतू वळली. चौदा खुर्च्या रिकाम्या! सगळे तासभर पाळ्या बदलून आले होते, तास संपला तसे कामावर पळाले. आत्यासुद्धा इस्पितळाच्या स्वयंपाकघरात निघून गेली होती.

मिसेस हॅरॉपनी खुर्च्यांकडे पाहिलं, मग क्लाइव्हकडे.

"यातला एक मोकळा माणूस मला दाखवा बरं."

क्लाइव्हने उगीचच दाराकडे पाहिलं आणि तो हसायलाच लागला. "नाही मॅडम. नाही दाखवता येत."

दहा मिनिटांनी मायलेकी परत आल्या तेव्हा वसुली रद्द झाली होती आणि मदत चालू राहणार होती. लेउतूने आनंदाच्या भरात उरलेले सगळे पाव क्लाइव्हच्या हातात कोंबले.

त्या दिवशी तिने रजा घेतली होती, म्हणून बसने स्वतःच मासिनाला पाळणाघरात नेलं. वर्षभर दुपारी आणायला तीच जायची, पण सकाळचं सोडणं तिच्या नशिबी कधी आलं नव्हतं. वहीत तिने सही केली, पंधरावी. नात्याच्या रकान्यात 'आई' लिहिलं आणि तो शब्द दोनदा वाचला.

"आता बाहेर खिडकीपाशी जा," मासिनाने हुकूम सोडला. "मी हात करणार. मग तू नाचायचं."

"नाचायचं?"

"सगळे नाचतात!"

मग काय, चर्चचा ठेवणीतला झगा घातलेली लेउतू पार्किंगमध्ये नाचली! काचेमागे मासिना उड्या मारत होती. हसून हसून लेउतूचा दम गेला.

"आई, उद्या पण तूच ये!" मासिना काचेला नाक लावून ओरडली.

लेउतू काही बोलणार, तोच फोनवर आत्याचा निरोप आला: 'जिंकलो ना? म्हटलं नव्हतं, चौदाजण जाऊ! उद्या सोडायला तावीता.'

लेउतूने फोन खिशात टाकला आणि पुन्हा एकदा, मघापेक्षा जास्त वेळ नाचली.