शिऊ-यूच्या अकरा खिडक्या

तैवानमधल्या काङ्शानच्या स्क्रूच्या कारखान्यात लिएन शिऊ-यूला येऊन सव्वीस वर्षं झाली होती. हुद्द्यानं ती गोदामाची कारकून. पण सकाळी साडेसातला तिचा रुबाब बघावा.

ऑफिसात अकरा कॉम्प्युटर. गोदामाची यादी मात्र कोपऱ्यातल्या एका जुन्या लिनक्स मशीनवर. तिथं पोचायचं तर टर्मिनलची काळी खिडकी उघडायची, लिनक्सचं शेल, म्हणजे मशीनला हुकूम द्यायची जागा, सुरू करायचं, मग चार ओळी हातानं टाइप करायच्या. त्या ओळी एकट्या शिऊ-यूला पाठ. ती टेबलामागून टेबल फिरायची.

"शिऊ-यू ताई, आधी माझं उघडा ना!"

"थांब रे, मला काय दहा हात आहेत?" असं म्हणताना तिचा चेहरा फुललेला असायचा.

चिनी नववर्षाच्या सुट्टीनंतर काओ पिन-रुई आला. एकोणतीस वर्षांचा इंजिनिअर, हसतमुख. मार्च लागताच एका दुपारी त्यानं अकराही टर्मिनलच्या सेटिंग्ज बदलल्या. आता खिडकी उघडली की शेल आपोआप सुरू, आणि शेलमधून थेट जुनं मशीन. एक क्लिक.

दुसऱ्या दिवशी साडेसातला शिऊ-यू उभी राहिली. कुणीच हाक मारली नाही. ती परत बसली. टेबलावरचं सोयाबीनचं दूध अजून गरम होतं. इतक्या वर्षांत तिनं ते कधी गरम प्यायलं नव्हतं.

पिन-रुईच्या टेबलावर आभाराचे दूधचहाचे पेले येऊ लागले. ती तिरक्या नजरेनं बघायची. मशीन रुसू नये म्हणून त्यावर खाऊचं हिरवं पाकीट ठेवायचं, मुदत संपायच्या आत बदलायचं, हाही तिचाच मान. मार्चच्या मध्यावर ती नवं पाकीट घेऊन गेली, तर तिथं आधीच एक कोरं पाकीट. तिनं आपलं पाकीट पिशवीत घातलं. संध्याकाळी बसच्या थांब्यावर फोडलं आणि एकटीनं संपवलं.

मालाची यादी सगळी आकड्यांची, ती नीट दिसायची. गिऱ्हाइकांचे पत्ते मात्र चिनी अक्षरांत. ते महिनाअखेर ट्रक भरतानाच उघडायचे. मार्चअखेर ते उघडले आणि सगळ्या पडद्यांवर चौकोन, प्रश्नचिन्हं, कचरा.

शिऊ-यूनं लांबूनच ओळखलं. जुनं मशीन अक्षरं जुन्या रीतीनं साठवतं. तिच्या चार ओळींतली एक त्यासाठीच होती. पिन-रुईनं ती फालतू समजून गाळली होती.

ती आपल्या टेबलावरचे कागद लावत बसली.

ट्रक तीनला निघायचा होता. साडेबाराला जेवणाचे डबे मिटले, दुपारच्या डुलकीसाठी दिवे मालवले, सगळ्यांनी टेबलावर डोकी टेकली. जागा फक्त पिन-रुई.

शेजारच्या टेबलावरून पॅकिंगची अ-मिएन कुजबुजली, "सांगून टाक की गं. पोरगं रडकुंडीला आलंय."

"मला कुणी विचारलंय?"

"सव्वीस वर्षं नोकरी झालेली बाई तू, आणि रुसतेस लहान पोरीसारखी!"

"झोप तू."

शिऊ-यूनं दंडावर कपाळ टेकलं. एक डोळा उघडा ठेवला. पिन-रुई घाम पुसत होता. तिला बरं वाटलं. मग बरं वाटल्याची लाज वाटली. तरी ती उठली नाही.

एवढ्यात तिच्या कानाशी फोन खणखणला. सगळी डोकी वर आली.

"कोण आहे रे? झोपू देत नाहीत मेले!" कुणीतरी करवादलं.

शिऊ-यूनं फोन उचलला. "हॅलो?"

"हॅलो, माफ करा. आपण कोण बोलताय?" आवाज फोनमधून आला आणि तीन टेबलांपलीकडूनही.

"मी. मान वर कर."

पिन-रुई उभा राहिला, रिसीव्हर हातातच. "ताई, पत्त्यांची जी फाइल आहे ना, तिच्यात पहिल्याच ओळीत काहीतरी लिहिलंय. सगळं फुटलंय. फक्त २१७ वाचता येतंय. ऑफिसातल्या फोनचा नंबर वाटला, म्हणून लावून बघितला."

ती त्याच्या टेबलाशी गेली. खाऊच्या पाकिटासारखं इथंही त्या फुटक्या ओळीखाली त्यानं स्वतःचं नाव घातलंय का, हे तिनं आधी बघितलं. नव्हतं घातलं. मग तिनं टर्मिनलच्या सेटिंग्ज उघडल्या. खिडकी उघडताना काय चालवायचं ते सांगणाऱ्या ओळीत आपला गाळलेला जुना तुकडा जोडला. खिडकी मिटली, पुन्हा उघडली.

अक्षरं सांधली गेली. पिन-रुईनं मोठ्यानं वाचलं, "अक्षरं फुटली तर शिऊ-यूला हाक मारा. २१७." तो तिच्याकडे वळला. "ताई, हे तुम्ही लिहिलंत?"

"तू बालवाडीत होतास तेव्हा."

ट्रक वेळेवर गेला.

"बाकीच्या दहांवर मी टाकतो, ताई. पाच मिनिटं लागतील."

"हात लावू नकोस. उद्या साडेसातला मी येते."

"अहो, एकदम होईल, मी इथूनच..."

"साडेसातला. तू मागे उभा राहा आणि बघ."

दुसऱ्या दिवशी शेवटच्या टेबलावरून ती परतली तेव्हा सोयाबीनचं दूध पार गार झालं होतं. तिनं ते चवीनं प्यायलं.