कंट्रोलच्या टाकीतले गप्पी

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी लॅबमधले सगळे मासे एका फटक्यात मारले होते. टाक्या थेट नळाच्या पाण्याने भरल्या — हो, पालिकेच्या क्लोरीनवाल्या! — त्यात मासे सोडले आणि ऐटीत डबा खायला बसले. परत येऊन बघते तर सगळे पोट वर करून तरंगतायत. झूऑलॉजीत फर्स्ट क्लास होता ना बाईंना! सर एवढंच म्हणाले, "बाई, विष अजून घालायचंय."

हे आधीच सांगून टाकलं, कारण पुढचं वाचून तुम्ही म्हणणारच की म्हातारीची जुनी खोड आहे. असेल. पण भुतं, शकुन, संकेत असलं काही मी कधीच मानलं नाही. सोसायटीत कुणाच्या अंगात आलं तर मी आधी शुगर तपासायला सांगते...

साकीनाक्याला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये तिसऱ्या मजल्यावर ही लॅब. धातूंच्या क्षारांनी गोड्या पाण्यातले मासे किती लवकर मरतात, ते बघायचं काम. प्रत्येक टाकीत क्षार थोडा थोडा वाढवत न्यायचा, चार दिवस थांबायचं, मेलेले मोजायचे. एका टाकीत काहीच घालायचं नाही — ती कंट्रोल. त्यातले मासे मेले की टेस्ट बाद. जन्मभर हेच केलं. रिटायर झाले, तरी गेल्या वर्षी पुन्हा बोलावणं आलं. तिथल्या शुभांगीला सातवा महिना लागला होता, आधीची दोन राहिली नव्हती, तिला क्षारांपासून जपायचं होतं. म्हणून मी घाटकोपरहून मेट्रोने यायची आणि ते जिने चढायची. लिफ्ट बंद. गुडघे माझ्याआधीच रिटायर झालेले.

शुभांगी मालवणची. टाकीत मासे, डब्यातही मासे. मी चिडवायचे, "अगं, यांच्यासमोर तरी नको खाऊस." चहाचं पाणी मात्र ती लॅबच्या ड्रममधून घ्यायची — क्लोरीन उडावं म्हणून साठवलेलं, गाळलेलं. "काकू, बिल्डिंगमधलं सगळ्यात चांगलं पाणी हेच. मासे जगतात यात!"

त्या दिवशी गप्पी मासे टाक्यांत सोडून झाले होते. कॅडमियमचा क्षार दुसऱ्या दिवशी घालायचा होता, बाटलीचं सीलसुद्धा फोडलं नव्हतं. दुपारी बघते तर कंट्रोलमधले सगळे गप्पी खिडकीकडच्या कोपऱ्यात वर आलेले, तोंडं पाण्याबाहेर काढून धापा टाकत होते. फाटक्या शेपटीचा एक आडवा झाला. मग बाकीचे एकेक करून. विष चढल्यावर होतात तसे... हुबेहूब.

पुन्हा नळाचं पाणी भरलं की काय मी? ड्रमचं पाणी तपासलं, टाकीचंही. क्लोरीन नाही, कॅडमियम नाही, ऑक्सिजन भरपूर. सगळं चोख. तपासून होईतो मासे सरळ होऊन मजेत फिरायलाही लागले!

शुभांगी किटली घेऊन ड्रमकडे निघाली होती. का कोण जाणे, मी किटली हिसकावली. "आजपासून या ड्रमचं पाणी प्यायचं नाही. माझी बाटली घे."

"काकू, वय झालं हां तुमचं," ती हसली. पण ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी द्रावण केलं आणि टाक्यांत घातलं. कंट्रोलमध्ये तेवढंच साधं पाणी घालायचं असतं, म्हणून ड्रममध्ये बरणी बुडवली. तीच बरणी. न विसळलेली, तळाशी द्रावण उरलेली. ज्या बाईने आयुष्यभर पोरींना त्यावरून झापलं, तिनेच! आणि ड्रममधलं पाणी तळाला गेलेलं, म्हणजे विष पातळ व्हायलाही जागा नाही. कॅडमियमला ना रंग, ना वास. मला पत्ताच नाही.

दुपारी कंट्रोलमधले मासे वर आले. खिडकीकडचाच कोपरा. आधी फाटक्या शेपटीचा आडवा झाला, मग एकेक... या वेळी परत कुणी सरळ झालं नाही. ड्रमचं पाणी तपासलं. कॅडमियम होतं.

शुभांगीने रोजच्यासारखा सकाळचा चहा त्याच पाण्याचा केला असता. माझ्यादेखत.

आदल्या दिवशी त्या माशांना काय झालं होतं? पाणी स्वच्छ होतं, मी स्वतः तपासलंय. शुभांगीची मुलगी आता रांगते, एवढं मात्र खरं.

त्या दुपारी मी जाळीने मेलेले मासे काढत होते. शुभांगीने पोटावर हात ठेवून त्या टाकीत वाकून बघितलं. मग डब्याचं झाकण लावलं आणि एरवी माझ्याशी कधी बोलायची नाही त्या मालवणीत म्हणाली, "काकी, माझ्या वाट्याचा पाणी ते पियाले. आता ह्यो बांगडो माझ्या घशाखाली कसो उतरतलो?"