गुटगुटीत पोर

परवा राजारामपुरीत सुदृढ बालक स्पर्धेचा फलक दिसला आणि वीस वर्षांपूर्वीचा तशाच स्पर्धेचा एक मांडव आठवला.

फुटपाथवर राहणारी एक बाई दीड वर्षाच्या पोरीला घेऊन गर्दी बघायला आली होती. प्रमुख पाहुण्यांनी भाषण थांबवून पोरीचा गाल ओढला. "बघा की, रस्त्यावर राहून कसं गुटगुटीत हाय!" आई लाजली.

स्पर्धेतल्या मुलांची वजनं घेणाऱ्या नर्सबाईंनी मात्र पोरीच्या पावलावर अंगठा दाबून पाहिला. पडलेला खळगा भरेना.

"अगं, ही सूज हाय. खायला काय घालतीस?"

"चहा आन् बेकरीतलं बटर."

"आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चल."

"फोटो तर होऊ दे की," म्हणत पाहुण्यांनी झेंडूचा जड हार पोरीच्या गळ्यात घातला. तिची मान कलली, डोळे मिटले. फोटोसाठी ते उघडावेत म्हणून आम्ही सगळे जोरजोरात टाळ्या वाजवत राहिलो.