मांडवाखालची रेंज

नाना कुठंही उभे राहिले की मान तिरकी करून एक कडक टाळी वाजवत. आवाज कुठवर गेला, कुठं मेला, याचा अंदाज घेत आणि म्हणत, "म्होरच्याला इचारू नका. शेवटच्या रांगंतल्या म्हातारीला इचारा."

मांडव आणि कर्णे पुरवणं हा त्यांचा धंदा. नगरमध्ये माझ्या दुकानाला लागून त्यांचं गोदाम. नव्वदचं दशक सरत आलं होतं आणि मी दोन कंपन्यांचे मोबाईल विकत होतो. फोन विटेएवढा, आणि आलेल्या कॉललाही मीटर पडे. नाना माझ्या मालाला 'खेळणी' म्हणत.

एकदा तेच नाना उतरलेल्या तोंडानं आले. लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, हिचा रक्तगट सहज मिळत नाही. वडलांचं रक्त जुळतंय, तेव्हा ऐनवेळी त्यांना बोलावता आलं पाहिजे. आणि नाना शिर्डीच्या एका लग्नाचा मांडव कबूल करून बसलेले.

"शेठ, दोनातली कंची कंपनी घिऊ?"

मी थाटात एका कंपनीचा रेंजचा नकाशा पसरला. सगळा जिल्हा केशरी!

"रंग कुनीबी दील," नाना म्हणाले. "शिर्डीत मी कुठं बसनार, त्ये या कागदाला ठावं हाय का? पत्र्याखाली, जनरेटरच्या अंगाला. चला!"

झालं! दोन्ही कंपन्यांचे फोन घेऊन मी त्यांच्या टेम्पोत. मला वाटलं, मैदानात फोन इकडून तिकडं नाचवतील आणि परत फिरतील. छे! त्यांनी आधी खांब रोवून वर पत्रे टाकून घेतले, खाली खुर्ची मांडली आणि दोन्ही फोन मांडीवर ठेवून अंडी उबवणाऱ्या कोंबडीसारखे बसले.

"आपन लावायचा न्हाई, शेठ. मला काय सांगायचं न्हाई. मला कळाया पायजे."

नगरला घरून नानी दोन्ही नंबर आलटून पालटून लावत होत्या. उन्हात ऐटीत सगळ्या रेघा दाखवणारा केशरी नकाशावाल्यांचा फोन पत्र्याखाली पार मुका झाला. दुसरा, दोन रेघांचा बिचारा, खणखणीत वाजला.

"आवं, किती येळा लावू? वांगी करपली की माझी!" नानींचा आवाज इतका स्वच्छ की वास यावा.

"करपू द्या! परत लावा!"

खुर्ची चारी कोपऱ्यांत फिरली, वांग्यांचा कोळसा झाला आणि दोन रेघांची कंपनी ठरली.

लग्नाला "माल तुमचा हाय, तुमी संगं पायजे" म्हणून मलाही नेलं. फोन खिशात, रेंज पक्की, नाना राजासारखे जनरेटरशेजारी. आणि मंडळी, कर्णे सुरू झाले. नानांचेच कर्णे! सनई अशी दणाणली की फोन वाजला तरी ऐकणार कोण? आम्ही दोघा शहाण्यांनी मांडव तपासला होता, तो मुका.

नाना थिजले. मग फोन तळहातावर घेऊन त्याच्या इवल्या पडद्याकडं टक लावून बसले. पाण्यालाही शिवले नाहीत. ऐन मंगलाष्टकांत पडद्यावर हिरवा उजेड पडला. नानांनी जनरेटरच बंद केला! भटजींचं 'सावधान' हवेत विरलं आणि सगळ्या वऱ्हाडानं ऐकलं, "हॅलो! बोला, जावईबापू! ...निगालोच!"

नवरीचे वडील लालबुंद होऊन धावत आले. "नाना, काय ह्यो तमाशा!"

"लेक हाय वो माझी. रगत लागतंय तिला."

त्या माणसाचा राग जागीच उतरला. क्षणभर त्यानं बोहल्यावरच्या आपल्या मुलीकडं पाहिलं. मग नवरदेवाची सजवलेली गाडी पुढं बोलावली. "बसा दोघंबी. वरात थांबंल घटकाभर."

नगरच्या दवाखान्यासमोर झेंडूनं मढलेली गाडी थांबली, तेव्हा नवरदेव बघायला आयाबाया खिडक्यांत जमल्या. उतरले नाना, बाही वर सारतच.

संध्याकाळी ते बाहेर आले. दंडाखाली कापसाचा बोळा, चेहरा पांढरा, आवाज मात्र तोच. "नात झाली! दोगी बऱ्या हायती!" पेढे आणायला जायचं त्राण नव्हतं. त्यांनी गाडीवरचा झेंडू ओरबाडला आणि येईल त्याच्या हातावर एकेक फूल ठेवत सुटले. वॉचमन, आया, रिक्षावाला, मी.

नाना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या दवाखान्यावरून जाताना मला अजून ती गाडी दिसते. टपावर एक फूल नाही, नुसती सुतळी लोंबतेय, आणि शिर्डीला परत निघालेला ड्रायव्हर रडवेला होऊन विचारतोय, "आता नवरदेवाला काय सांगू, नाना?"

"सांग, फुलं आमच्या नातीनं घेतली."