वडवणीत न पेटलेली चूल

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी माजलगावच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात उभा होतो. भाचा एवढंच म्हणाला, "मामा, आई गेली…" त्याला आता महिना होत आला.

माझी थोरली बहीण वडवणीत जगाला जेवू घालायची. दारावरून कुणी उपाशी गेलं तर तिला तो स्वतःचा अपमान वाटे. काही वर्षांपूर्वी माझ्या यकृताने कुरकुर सुरू केली. सुटलेलं पोट आणि साखर, दोघांची कृपा! डॉक्टरीणबाईंनी बीडला तपासणीला बोलावलं. तिथलं यंत्र बरगड्यांवर हलक्या टिचक्या मारतं आणि टिचकीची लहर आत किती वेगाने पळते त्यावरून यकृत मऊ आहे की कडक झालंय ते सांगतं. काही खाऊन येऊ नका, असं बजावलं होतं. पण वाटेत आक्काने गाठलंच. "उपाशी कशाला जातूस? रिकाम्या पोटात मशीनला काय दिसल?" समोर धपाटे आणि दही. मीही आडवा हात मारला.

कडकपणाचा आकडा इतका वाईट आला की डॉक्टरीणबाईंचाच चेहरा पडला. मग त्यांनी विचारलं, "काही खाल्लंत का?" धपाट्यांचं नाव काढताच त्यांनी कपाळावर हात मारला. जेवल्यावर यकृताकडे रक्त वाढतं, ते आहे त्याहून कडक भासतं. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी पुन्हा मोजलं. कडकपणा होताच, पण सावरण्याजोगा. "वजन उतरवा, मऊ होईल," त्या म्हणाल्या.

आक्काने मात्र ते फार मनाला लावून घेतलं. "म्या माझ्या हातानं भावाला घोर लावला," म्हणाली. तेव्हापासून माझ्या तपासणीच्या दिवशी तिची चूल पेटायची नाही. मी परत येईपर्यंत नुसत्या पाण्यावर बसायची. दर खेपेला आकडा थोडा उतरायचा, मग ती भाकरी थापायला घ्यायची… अशी बहीण मिळायला भाग्य लागतं.

परवा तिच्याविना पहिली तपासणी झाली. यकृत जवळजवळ निरोग्यासारखं मऊ! डॉक्टरीणबाईंनी अभिनंदन केलं आणि मला भर दवाखान्यात रडू कोसळलं. हे सांगायचं कुणाला? तरी पाय वडवणीला उतरलेच. दुपार कलली होती. भाचेसून दारातच उभी.

"मामा, आधी आकडा सांगा."

सांगितला. तिने पदराने डोळे पुसले आणि मला आत नेलं. चूल थंड होती. भाचाही भिंतीला टेकून बसलेला.

"अगं, तुमची जेवणं?"

"घरात कुणीच जेवलं न्हाई अजून," ती म्हणाली आणि तिने काडी ओढली.